माहुलच्या खाडीकाठी एक तपासणी शिबिर

मुंबईला गेलेल्या पाहुण्याला माहुल कोणी दाखवायला नेत नाही. राणीची बाग, गेटवे, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, फार तर जुहूची चौपाटी एवढी मुंबई पाहून आपला माणूस रात्रीच्या एस्टीने परत फिरतो. पण आपल्या शेतीचा आणि माहुलचा संबंध जुना आहे. ट्रॅक्टरमध्ये जाणारे डिझेल जिथे तयार होते असे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने माहुलच्या वेशीवर आहेत, आणि ‘सुफला’ची पिशवी ज्या खतकारखान्यातून निघते तोही शेजारीच आहे.

हार्बर गाडीने चेंबूरला उतरावे आणि रामकृष्ण चेंबूरकर मार्गाने बस धरावी. वाशीनाका मागे पडला की रस्त्याच्या कडेला भिंती सुरू होतात. भिंतीपलीकडे तेलाच्या गोल टाक्या, चिमण्या आणि नळांचे जंजाळ. एका चिमणीच्या टोकावर ज्योत जळताना दिसते. नाकाला आधी काहीतरी जळाल्यासारखा, मग गोडूस असा वास लागतो. हे कारखाने १९५०च्या दशकात आले. त्याआधी इथे खाडी होती, मिठागरे होती आणि कोळी-आगऱ्यांची गावे होती. माहुल आणि आंबापाडा ही त्यातलीच.

भिंती संपल्या की गावठाण लागते. अरुंद गल्ल्या, दारापुढे तुळस, कडेला वाळत घातलेली जाळी. गल्ली संपते तिथे खाडी. भरती ओसरली की मैलभर चिखल उघडा पडतो, त्याच्या कडेने तिवरांचे हिरवे रान. थंडीच्या दिवसांत या चिखलावर रोहित पक्ष्यांचे हजारोंचे थवे उतरतात. लांबून पाहिले तर चिखलावर गुलाबी साडी वाळत घातली आहे की काय असे वाटावे. ते बघायला शहरातली मंडळी होड्या करून येतात. गावच्या बायका मात्र पक्ष्यांकडे बघत नाहीत. त्यांची नजर टोपलीतल्या जवळ्यावर आणि बोयांवर असते.

मी गेले ती ओळखीच्या एका आरोग्यसेविकेबरोबर. गावठाणातल्या एका खोलीत बायकांच्या तपासणीचे शिबिर होते. पहिल्या टेबलावर रक्तदाब. दुसऱ्यावर बोटाला सुई टोचून साखर आणि हिमोग्लोबिन. तिसऱ्यावर बॅटरीच्या उजेडात तोंडाची तपासणी, कारण मशेरी आणि तंबाखू इथेही आपल्या गावाइतकीच चालते. आणि शेवटी, जुन्या साडीच्या पडद्याआड, छातीची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. पहिल्या तीन टेबलांवर बऱ्यापैकी रांग होती. पडद्याकडे वळायला मात्र कोणी तयार नव्हते.

साठीच्या एका कोळणीने तर उंबऱ्यातच हात झटकले. “मला काय धाड भरलीय? दुखत नाय, खुपत नाय. डॉक्टरकडे जाऊन दुखणं मागून आणू काय?”

या बाईला हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे आजारी पडलेला माणूस दवाखान्यात जातो. बरे असलेल्याने जायचे ही कल्पनाच आपल्या अंगवळणी पडलेली नाही, आणि बाईमाणसाच्या तर नाहीच. घरातली म्हैस आटली तर आपण त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो. घरातली बाई सहा महिने कंबर धरून चालते आणि म्हणते, सुगी होऊ द्या, मग बघू.

पण त्या पडद्याआडची तपासणी दुखत नसतानाच करायची असते, आणि तिचे सारे मोल त्यातच आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एका विषाणूची लागण वर्षानुवर्षे टिकून राहिली तर तिथल्या पेशी हळूहळू बिघडू लागतात. बिघडल्यापासून खरा कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. या एवढ्या वर्षांत बाईला काहीच कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. जेव्हा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसते, संबंधानंतर रक्त जाते, किंवा अंगावरून घाण वासाचे जाऊ लागते, तेव्हा पुष्कळदा त्या वर्षांची मुदत संपत आलेली असते. देशात या एका कॅन्सरने दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक बायका आजारी पडतात आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावतात, असा २०२२चा जागतिक अंदाज आहे.

आणि तपासणी कशाची? तर शिरक्याची. हो, आपण लोणच्यात घालतो त्याच जातीचे, पण ठरावीक ताकदीचे पातळ आम्ल. बाईला पाठीवर झोपवतात, एका साधनाने गर्भाशयाचे तोंड दिसेल असे करतात, कापसाच्या बोळ्याने ते आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबतात. जिथल्या पेशी बिघडल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. चांगल्या उजेडात तो उघड्या डोळ्यांना दिसतो. थोडे चुणचुणते, एवढेच. रक्त काढणे नाही, यंत्र नाही, आठ दिवसांनी या म्हणणे नाही. आरोग्यसेविकेने हे सगळे त्या कोळणीला सांगितले आणि वर म्हणाली, “मावशी, डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही हं. बहुतेकींना तो नसतोच. पुढं नीट बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.” हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. हे आधी न सांगता बाईला डाग दाखवला तर ती पुन्हा फिरकणार नाही.

शिरक्याची ही युक्ती कामाची आहे की नुसती स्वस्त आहे, याचा पुरावा याच मुंबईतल्या झोपडवस्त्यांनी दिला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली वस्त्यांचे वीस गट निवडले. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. दहा गटांत दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, शिरक्याची तपासणी आणि छातीची हाताने तपासणी झाली. ती डॉक्टरांनी केली नाही. दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून तयार केले होते, त्यांनी केली. बारा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा तपासणी झालेल्या गटांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. छातीच्या तपासणीचा निकाल २०२१ साली, वीस वर्षांनी आला. कॅन्सर लवकरच्या अवस्थेत सापडू लागले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले, त्याहून लहान वयाच्या बायकांत मात्र तसा पक्का फायदा दिसला नाही.

राहिलेल्या दहा गटांतल्या बायकांना आजाराची माहिती दिली होती, तपासणी नाही. तुलना करायची तर दुसरी बाजू लागते, हे शास्त्र झाले. पण त्या बायकाही कोणाच्या आया-बहिणी होत्या, आणि यावर पुढे देशात-परदेशात बरीच टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते. मात्र हाती आलेला पुरावा आता वापरायचाच नाही, हेही शहाणपण नव्हे.

या मुंबईच्या कामातला एक आकडा माझ्या मनात घर करून राहिला आहे. बोलावलेल्या शंभर बायकांपैकी ८९ जणी तपासणीला आल्या. ही कौतुकाची गोष्ट आहे. पण ज्यांच्यात काही संशयास्पद दिसले आणि ज्यांना पुढच्या तपासासाठी बोलावले, त्यांच्यातल्या दहांपैकी आठ जणीच पोचल्या. दोन जणी पोचल्या नाहीत. घरी पाठपुरावा करणारी माणसे असताना ही गत. साध्या शिबिरात काय होत असेल याचा अंदाज वाचक भगिनींनीच करावा.

त्या दोघी का पोचत नाहीत, हे माहुलमध्ये चांगले कळते. गावठाणातून दहा मिनिटे चालले की नव्या माहुलमध्ये आपण येतो. तेलाच्या टाक्यांना जवळजवळ लागून उभ्या असलेल्या बहात्तर इमारती आणि सतरा हजारांहून अधिक घरे. तानसा तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या मोठ्या नळांच्या कडेला वर्षानुवर्षे राहिलेल्या वस्त्या तोडल्या गेल्या, तेव्हा २०१७ पासून हजारो कुटुंबांना इथे आणून सोडले. विद्याविहार, घाटकोपरकडची ही माणसे. बायका तिकडे धुणीभांडी करत होत्या, मुले तिकडच्या शाळेत होती, ओळखीचा दवाखाना तिकडे होता. एका सकाळी पत्ता बदलला आणि दवाखान्यातल्या वहीत नाव तिकडेच राहिले.

मी इमारतींच्या आवारात दोघीतिघींशी बोलले. एकीने सांगितले की ती पहाटे पाचला उठते, सहाच्या बसने जुन्या वस्तीच्या बाजूला कामाला जाते आणि तीन वाजता परतते. “ताई, शिबिर अकराला. अकराला इथं कोण असतं? म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या.” या बाईचे वय अडतीस, म्हणजे तपासणीची जिला सर्वांत गरज तीच. तिला चार वर्षांमागे जुन्या वस्तीत कोणीतरी तपासून ‘परत या’ म्हटले होते. कागद घर तुटताना गेला. कशासाठी परत यायचे होते ते तिला आठवत नव्हते.

माहुलच्या हवेबद्दल लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण इथल्या बायकांना तपासणी म्हटले की आधी तेच आठवते. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये माहुल-आंबापाड्याच्या लोकांची तपासणी केली तेव्हा दर तिघांत दोघांना महिन्यातून तीनदाहून अधिक दम लागत असल्याचे दिसले, आणि डोळ्यांची चुरचुर तर बहुतेकांना. त्या तपासणीचे कागद गावकऱ्यांनी राष्ट्रीय हरित लवादापुढे ठेवले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने इथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. पुढे इमारतींतल्या लोकांनीही लढा दिला. २०१८च्या हिवाळ्यात ते विद्याविहारच्या रस्त्यावर येऊन बसले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला सांगितले की, यांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या.

म्हणून आरोग्यसेविका रक्तदाबाचा पट्टा घेऊन दारात आली की एखादी बाई फणकारते, “आम्हाला तपासून काय करता, हवा तपासा.” तिचे खरेच आहे. शिरक्याच्या तपासणीने हवा सुधारत नाही. पण केईएमच्या त्या तपासणीचा कागद झाला नसता तर न्यायाच्या दारात दाखवायला तरी काय होते? आणि हवा वाईट आहे म्हणून गर्भाशयाचा कॅन्सर थांबून राहत नाही. दोन्ही भांडणे एकाच बाईला करावी लागतात, हे तिचे दुर्दैव.

हे सगळे मुंबईचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर मुंबईच्या बरोबरीने हेच काम बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने आपल्या मातीत केले आहे. नर्गिस दत्त यांच्या नावाचे हे रुग्णालय. भारतातली खेड्यांसाठीची पहिली कॅन्सर-नोंदवही १९८७ साली तिथे सुरू झाली. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर तिथल्या डॉक्टरांनी टाटा रुग्णालयाच्या आणि परदेशी शास्त्रज्ञांच्या मदतीने मोठा अभ्यास केला. ज्वारी-तुरीच्या रानात राबणाऱ्या बायकांचे २००९ साली प्रसिद्ध झालेले ते निकाल जगभर वाचले गेले. त्यात असे दिसले की, विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदा जरी झाली तरी पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. शिरक्याची तपासणी एकदाच करून मात्र तेवढा फरक पडला नाही. मुंबईत फरक पडला तो चार फेऱ्या झाल्या म्हणून. तेव्हा “मागे एकदा तपासून झाले” हे शिरक्याच्या तपासणीला लागू नाही. ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. सरकारच्या २०१६च्या नियमाप्रमाणे तिशीनंतर दर पाच वर्षांनी तरी. एचपीव्ही चाचणीचा नमुना आता बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, पडद्याआड जाण्याचीही गरज नाही. पण ही चाचणी खेड्यापाड्यांत सगळीकडे पोचलेली नाही.

तपासणी नसली की तिची जागा भीती घेते, याचे उदाहरण आपल्याच बीड जिल्ह्यात आहे, आणि ते लिहिताना हात अडखळतो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या. अंगावरून पांढरे जाते, पाळीत दुखते एवढ्या कारणावरून गेलेल्या कित्येकींना सांगितले गेले होते की, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. पाळीमुळे खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, म्हणून त्यांनीही होकार दिला. ज्या तपासणीला मिनिटभर लागते ती यातल्या कितीजणींची झाली असेल? डाग सापडलाच आणि पेशी बिघडल्याचे ठरले, तरी कॅन्सर व्हायच्या आधीच्या अवस्थेत तेवढाच भाग गोठवून किंवा भाजून काढता येतो. काही मिनिटांचे काम. पिशवी जागच्या जागी राहते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

तेव्हा कोणी पिशवी काढायला सांगितली तर आधी एवढे विचारावे: माझी शिरक्याची किंवा एचपीव्हीची तपासणी केली का? तुकडा काढून तपासला का? कागद कुठे आहे? आणि सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्यावाचून सही करू नये.

आपल्याकडे ही तपासणी कुठे होते? गावात आशाताई तिशीपुढच्या बायकांचा एक कागद भरतात. तो भरताना लाजून ‘काही नाही, काही नाही’ म्हणू नये. आरोग्य उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे रक्तदाब, साखर, तोंड आणि छाती पाहण्याची सोय असायला हवी. शिरक्याची तपासणी तिथे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते. होत नसेल तर कोणत्या वारी कुठे होते ते आशाताईंकडून काढून घ्यावे. सप्टेंबर २०२२ मध्ये नवरात्राच्या सुमाराला राज्यात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम झाली, तशा मोहिमा अधूनमधून होतात. पण मोहिमेची वाट पाहायची गरज नाही. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, पुण्यात तयार होणारी देशी लसही २०२३ पासून मिळते. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच असते. आणि हिमोग्लोबिन विसरू नये. आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीची गोष्ट तर विचारूच नका. देशात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ती झालेली नाही, असे २०१९ ते २१च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले.

कारखान्यावर किंवा परमुलखात कामाला जाणाऱ्या घरांनी एक करावे. ऊसतोडीला निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमाराला, तपासणी उरकावी आणि तिचा कागद आधारकार्डाच्या पिशवीतच ठेवावा, धान्याच्या कणगीवर नव्हे. कागदावर ‘परत या’ असे लिहिले असेल तर कशासाठी आणि किती दिवसांत, ते तिथल्या तिथे विचारून घरातल्या शिकत्या मुलाकडून मराठीत लिहून घ्यावे.

माहुलच्या शिबिरात दुपारी दोनपर्यंत पडद्याआड सात-आठ जणीच गेल्या. उंबऱ्यातली ती कोळीण शेवटपर्यंत गेली नाही, पण निघूनही गेली नाही. पायरीवर बसून ती आत कोण जाते, किती वेळात बाहेर येते, तोंड कसे करते, हे सारे पाहत होती. आवराआवर सुरू झाली तेव्हा ती आरोग्यसेविकेला म्हणाली, “बाय, तुमी उधाणाचे दिवस धरून येता. म्हावरं आलं की आमाला डोकं वर करायला येल नसतो. भांगाला या. अष्टमी-नवमीला. तवा बाया घरीच असतात.”

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत मासळी लागते, अष्टमीच्या आसपास पाणी मंद असते आणि काम थोडे. खाडीकाठच्या प्रत्येक पोरीला हे ठाऊक असते, शिबिराची तारीख मात्र वरून ठरून येते. आरोग्यसेविकेने भिंतीवरचे कालनिर्णय काढले, पुढच्या महिन्याची वद्य अष्टमी शोधली आणि तिच्या वहीत इंग्रजी तारखेपुढे तिथी लिहून घेतली. मग त्या बाईचे नाव विचारले आणि त्या दिवसाच्या यादीत पहिले तेच घातले.